एकट्याचा दवाखाना : दंत परिषदेला भूमहून खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व सदस्य,
महाराष्ट्र राज्य दंत परिषद, मुंबई



राज्यातल्या प्रत्येक दंतवैद्याचे नाव ज्या नोंदवहीत असावे लागते ती नोंदवही आपल्या ताब्यात आहे. मुंबईत चार सहायक हाताशी घेऊन बसणारा दंतवैद्य आणि भूमच्या बाजारपेठेत भाड्याच्या गाळ्यात एकट्याने खुर्ची चालवणारा दंतवैद्य, दोघेही त्या वहीत सारखेच. नाव चढवायचे, ठरावीक काळाने नूतनीकरण करायचे, त्यासाठी निरंतर शिक्षणाचे गुण तपासायचे, तक्रार आली तर चौकशी करायची आणि दोष सिद्ध झाला तर कारवाई करायची, असा आपल्या कामाचा व्याप आहे. या व्यापात आणखी एका कामाची भर घालावी, अशी विनंती करण्यासाठी हे पत्र. या नोंदवहीतल्या माणसांच्या मानसिक आरोग्याची विचारपूस करणारी, शिस्तभंगाच्या कामापासून पूर्णपणे अलग आणि गोपनीय अशी व्यवस्था परिषदेने उभी करावी. आणि तिने मुंबईत बसून फोन वाजण्याची वाट न पाहता तालुक्यापर्यंत स्वतः पोचावे. पत्र लिहिणारा दंतवैद्य नाही. खुर्चीत आडवा पडून तोंड उघडणाऱ्यांपैकी आहे. त्यामुळे ही व्यवसायाची वकिली नाही, आणि असलीच तर आमचे दात ज्यांच्या हातात आहेत त्यांचे हात स्थिर राहावेत एवढ्याच स्वार्थाची.

आधी मुद्द्याची कक्षा आखून घेतो, कारण या विषयात अतिशयोक्ती फार चालते. दंतवैद्यांमध्ये आत्महत्येचे प्रमाण सगळ्या व्यवसायांत जास्त असते, असे जगभर बिनदिक्कत सांगितले जाते. अमेरिकन दंत संघटनेच्या नियतकालिकात २००१ साली या समजुतीची झडती घेणारा लेख आला होता. उपलब्ध अभ्यास तपासल्यावर या दाव्याला भक्कम आधार सापडत नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. तेव्हा ती भीती दाखवून मी काही मागणार नाही. मी बोलतो आहे ते बर्नआउटबद्दल. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये स्वीकारलेल्या आजारांच्या अकराव्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात त्याची नोंद आजार म्हणून केलेली नाही, तर कामाशी निगडित स्थिती म्हणून केली आहे. तिची तीन अंगे सांगितली आहेत. अंगातले त्राण गेल्यासारखा थकवा, कामाविषयी तुटलेपणा किंवा तुच्छता, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही ही भावना. मूळ सांगितले आहे ते कामाच्या ठिकाणचा दीर्घकाळचा, न आवरला गेलेला ताण. ही व्याख्या माझ्या मागणीसाठी फार महत्त्वाची आहे. दोष माणसाच्या मनाच्या कमकुवतपणाचा असता तर त्याला धीर देऊन भागले असते; दोष कामाच्या घडणीत असेल, तर त्या कामाचे नियमन करणाऱ्या संस्थेला त्यात लक्ष घालावेच लागते.

परदेशातले पुरावे या घडणीकडेच बोट दाखवतात. ब्रिटनमधल्या २,०५३ दंतवैद्यांच्या पाहणीचे निष्कर्ष २०१९ मध्ये ब्रिटिश डेंटल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाले. निम्म्याहून अधिक, ५४.९ टक्के, दंतवैद्यांनी कामाचा ताण तीव्र असल्याचे सांगितले होते, आणि १७.६ टक्के जणांनी आयुष्य संपवण्याचा गंभीरपणे विचार केल्याचे नोंदवले होते. अशा पाहणीला जे आधीच त्रासलेले असतात ते अधिक उत्साहाने उत्तर देतात, हे गृहीत धरून आकडे थोडे उतरवले तरी उरतात ते लहान नाहीत. त्या ताणात रुग्णांच्या कोर्टकचेरीची आणि तक्रारींची धास्ती मोठी होती. म्हणजे ज्या नियामकाकडे मदत मागायची, त्याचीच भीती. नेदरलँड्समध्ये रोनाल्ड गॉर्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात केलेला अभ्यास मला त्याहून बोलका वाटतो. वेळेची ओढाताण, रुग्णांशी खटके, पैशाची चिंता हे सगळे त्यांनी तपासले. बर्नआउटशी सर्वात घट्ट नाते निघाले ते पुढची वाट न दिसण्याचे. आज जे करतो तेच वीस वर्षांनीही करत असू, त्याच खुर्चीशेजारी, त्याच चार भिंतींत, ही जाणीव माणसाला कामाच्या प्रत्यक्ष ओझ्यापेक्षा जास्त पोखरते. हा निष्कर्ष सुखवस्तू देशातला आहे. तो भूममध्ये आणून ठेवला की त्याची धार वाढते.

तालुक्याच्या गावातल्या एकट्या दंतवैद्याचा दिवस जवळून पाहावा. मान वाकवून, एका खांद्यावर भार देऊन, आरशात उलटे दिसणारे काम तो करतो. दाढेच्या मुळातली वाट केसाएवढी. त्या वाटेत घालायची फाइल वाकडी जाऊ द्यायची नाही, मोडू द्यायची नाही, आणि ती मोडलीच तर खाली पडलेल्या जाग्या माणसाला ते शांतपणे सांगायचे. शल्यविशारदाचा रुग्ण भूल घेऊन निजलेला असतो. दंतवैद्याचा रुग्ण मुठी आवळून, डोळे विस्फारून त्याच्याकडेच पाहत असतो आणि दुखायच्या आधीच कण्हतो. मधेच वीज गेली की कॉम्प्रेसर थंड. कवळीचे किंवा कॅपचे माप दुसऱ्या गावच्या लॅबला जाते, परत येते तेव्हा पुष्कळदा बसत नाही, आणि शब्द ऐकावे लागतात ते डॉक्टरला. रुग्ण बोलावणे, हत्यारे ऑटोक्लेव्हमध्ये लावणे, जैववैद्यकीय कचऱ्याची नोंद ठेवणे, पैसे घेणे, उधारी लिहिणे, हे सगळे बहुधा तोच करतो किंवा एखाद्या मदतनिसाच्या भरवशावर ढकलतो. ज्याच्याशी ‘आज एक केस बिघडली’ एवढे वाक्य बोलता येईल असा माणूस दिवसभरात समोर येत नाही. रुग्णालयातल्या डॉक्टरला निदान चहाच्या टेबलावर चार समव्यावसायिक भेटतात. इथे समव्यावसायिक भेटतो तो चार दुकाने सोडून, स्पर्धक म्हणून.

यात भूम परिसराचे स्वतःचे असे काही आहे. खव्यासाठी दूरवर नाव असलेल्या या गावात दातांचे काम कमी पडायचे कारण नाही, आणि पडतही नाही. पण काम असणे वेगळे आणि ते पुरे होणे वेगळे. रूट कॅनाल तीनचार बैठकांचे असते. पहिल्या बैठकीत ठणका थांबतो आणि रुग्णाच्या दृष्टीने काम संपते. त्यातच दसरादिवाळी आली की मुकादमाची उचल घेतलेली टोळी ऊसतोडीला निघते, आणि तात्पुरते सिमेंट भरलेली दाढ घेऊन टोळीतली बाई थेट पश्चिम महाराष्ट्रातल्या किंवा कर्नाटकातल्या फडावर पोचते. कारखान्याचा पट्टा पडल्यावर ती परतते तेव्हा ते सिमेंट उडालेले असते, दाढ फुटलेली असते आणि वाचवण्यासारखे काही उरलेले नसते. तिचा यात काडीचा दोष नाही. सोयाबीन किंवा उडीद हातचा गेला की दुखरा दात पुढच्या हंगामावर टाकला जातो. आणि अखेर माणूस येतो तो ‘उपटून टाका’ हे वाक्य घेऊनच. दात वाचवण्याची विद्या पाच वर्षे शिकलेल्या माणसाने, वाचू शकणारा दात रुग्णाला परवडत नाही म्हणून रोज उपटायचा, यात जी झीज होते ती तासांत मोजता येत नाही. दात भरणे, रूट कॅनाल, कवळी ही रोजची कामे सरकारी विमा योजनांच्या कक्षेबाहेरच राहिली आहेत. त्यामुळे प्रत्येक उपचाराची वाटाघाट रुग्ण आणि डॉक्टर यांच्यातच, गल्ल्यापाशी होते. डॉक्टर लुटतो असे एकाला वाटते, आपली विद्या भाजीच्या भावाने विकली जाते असे दुसऱ्याला. आणि दोघेही आपापल्या जागी खरे असतात.

याच खुर्चीत तंबाखूही येऊन बसते. २०१६-१७च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातले २४.४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू वापरत असल्याचे दिसले, म्हणजे जवळपास चारातला एक. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे; बंदीचा गुटखा मिळतो कुठे हे शाळकरी पोरालाही ठाऊक असते. तोंडात उभी तीन बोटे जात नाहीत, दोनच जातात, असा पंचविशीतला तरुण ‘तिखट झोंबतं’ म्हणून दाखवायला येतो, तेव्हा कर्करोगाच्या उंबरठ्यावरची ती अवस्था सर्वात आधी दिसते ती दंतवैद्याला. मिश्री लावणाऱ्या बाईच्या गालाच्या आतला पांढरा चट्टाही त्यालाच. त्याने बायोप्सीसाठी बार्शीला किंवा सोलापूरला जा म्हणून सांगायचे, रुग्ण गेला की नाही हे कळायला मार्ग नसायचा, आणि वर्षाने तोच माणूस गालाला भोक घेऊन यायचा. वाईट बातमी कशी द्यावी आणि ती दिल्यानंतर स्वतःला कसे सावरावे, याची तयारी दंतशिक्षणात फार तोकडी आहे. अभ्यासक्रमात दाढेच्या मुळांची संख्या तोंडपाठ करून घेतली जाते, आणि ते गरजेचेच आहे. पण ही तयारी राहून गेली, तिची किंमत असा एकटा बसलेला माणूस भरतो.

या सगळ्यावर पैशाचे गणित. भारतातले पहिले दंत महाविद्यालय डॉ. रफीउद्दीन अहमद यांनी १९२० मध्ये कलकत्त्यात काढले. मुंबईचे नायर १९३३चे. आज देशात तीनशेहून अधिक दंत महाविद्यालये आहेत आणि दरसाल पंचवीस हजारांहून अधिक जागा. त्यांतली बहुसंख्य खासगी. शिक्षणासाठी कर्ज, दवाखान्यासाठी पुन्हा कर्ज, कारण दंतवैद्याला स्टेथोस्कोप गळ्यात घालून व्यवसाय सुरू करता येत नाही. खुर्ची, कॉम्प्रेसर, एक्सरे, ऑटोक्लेव्ह आल्याशिवाय पहिला रुग्ण तपासता येत नाही. सरकारी नोकरीत दंतशल्यचिकित्सकाची पदे मोजकी, आणि त्यांतही कंत्राटी बऱ्याच. २०२०च्या टाळेबंदीत तोंडाजवळ जाऊन काम करणारा हा व्यवसाय तातडीचे रुग्ण वगळता थंडावला होता, तेव्हा गाळ्याचे भाडे थंडावले नव्हते. शहरात दवाखान्यांची दाटी, म्हणून काही जण तालुक्याच्या गावी येतात. गावाला त्यांची गरज आहे, फक्त ती गरज पैशाच्या रूपात पुरती उमटत नाही. गॉर्टर यांनी सांगितलेली पुढची वाट न दिसणे ही इथे भावना नसून बँकेच्या हप्त्याच्या तारखेला दर महिन्याला समोर येणारी वस्तुस्थिती असते.

यावर आपल्याकडून पहिला आक्षेप येईल तो पुराव्याचा. ब्रिटन आणि हॉलंडचे आकडे सांगता, महाराष्ट्राचे काय? आक्षेप रास्त आहे. २०१५-१६ मध्ये निम्हान्सने केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात बारा राज्ये होती. महाराष्ट्र त्यांत नव्हता. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृती गटाने २०२४ मध्ये वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यावर अहवाल दिला. त्यांच्या ऑनलाइन पाहणीत २७.८ टक्के पदवीपूर्व विद्यार्थ्यांनी मानसिक आजाराचे निदान झाल्याचे सांगितले, आणि पदव्युत्तर विद्यार्थ्यांपैकी ३१ टक्क्यांच्या मनात वर्षभरात आत्महत्येचे विचार येऊन गेले होते. निवासी डॉक्टरांना आठवड्याला ७४ तासांहून जास्त काम नको, एक सुटी हवी, अशा शिफारशी त्या गटाने केल्या. दंतशाखा त्या आयोगाच्या अखत्यारीत येत नाही, म्हणून दंतविद्यार्थी त्या मोजणीत नाहीत. आणि शिकून बाहेर पडलेला, एकटा व्यवसाय करणारा दंतवैद्य तर कोणाच्याच मोजणीत नाही. पुरावा नाही म्हणून प्रश्न नाही, असा अर्थ यातून काढायचा असेल तर गोष्ट वेगळी. मला त्यातून उलट अर्थ दिसतो. ही मोजणी करू शकेल अशी राज्यात एकच संस्था आहे, कारण सगळ्यांचे पत्ते एकाच संस्थेकडे आहेत. नूतनीकरणाच्या वेळी निनावी प्रश्नावली द्यायची, ती नोंदणी क्रमांकापासून तोडून एखाद्या विद्यापीठाकडे तपासायला पाठवायची, आणि निष्कर्ष जिल्हावार प्रसिद्ध करायचे. भूम, परंडा, वाशी, कळंब इथले उत्तर पुण्यापेक्षा वेगळे निघते का, हे तरी कळेल.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे आणि तो मुंबईहून नव्हे, इथूनच येईल. ज्या जिल्ह्यात शेतकरी जीव देतो, तिथे एसीत बसणाऱ्या डॉक्टरच्या थकव्याचे कौतुक कशाला? दुःखांची अशी उतरंड लावण्याचा मोह मला समजतो. पण याच जिल्ह्याचा अनुभव आक्षेपाच्या विरुद्ध बाजूला साक्ष देतो. शेतकरी आत्महत्यांचा प्रश्न केवळ कर्जाचा नाही, मनाचाही आहे, हे सरकारने मान्य केले तेव्हा २०१५ मध्ये बळीराजा चेतना अभियानासाठी जे दोन जिल्हे निवडले ते यवतमाळ आणि तेव्हाचा उस्मानाबाद, आजचा धाराशिव. विदर्भ आणि मराठवाड्यातल्या चौदा जिल्ह्यांसाठीच्या प्रेरणा प्रकल्पात आशा कार्यकर्तीने घरोघर जाऊन विचारपूस करायची, नैराश्याची चिन्हे दिसली तर समुपदेशकाकडे पाठवायचे, अशी रचना होती. तिच्या अंमलबजावणीत उणिवा काढता येतील आणि काढल्याही गेल्या. तरी तिच्यामागचा विचार पक्का होता : खचलेला माणूस आपण होऊन दारात येत नाही, त्याच्या दारात जावे लागते. मराठवाड्याने हा धडा जड किंमत मोजून शिकला आहे. तो शेतकऱ्याला लागू पडतो आणि शेतकऱ्याची दाढ भरणाऱ्याला पडत नाही, असे म्हणायला आधार काय? शिवाय यात एकाच्या ताटातले दुसऱ्याला वाढायचे नाही. थकलेला दंतवैद्य गाव सोडतो किंवा गावात राहून मन काढून घेतो, तेव्हा नुकसान सोसतो तो बार्शीला जायला एसटीचे पैसे नसलेला रुग्णच.

तिसरा आक्षेप अधिकाराचा. परिषद ही नोंदणी आणि आचरणाची संस्था. कल्याणाची कामे भारतीय दंत संघटनेसारख्या व्यावसायिक संघटनांनी करावीत. संघटनांनी करावीतच. पण संघटनेचे सदस्यत्व ऐच्छिक आहे, नोंदणी सक्तीची. आणि जो एकटा पडला आहे तो बहुधा संघटनेच्या स्नेहमेळाव्यालाही जात नाही. त्याहून महत्त्वाची गोष्ट ही की मदत मागण्याच्या आड येणारी सर्वात मोठी भीती परिषदेच्याच नावाशी बांधलेली आहे. मला नैराश्य आहे, मी औषधे घेतो, हे कळले तर माझ्या नोंदणीचे काय होईल? ही भीती खरी असो वा खोटी, ती दूर करणारे वाक्य फक्त परिषदच उच्चारू शकते. ब्रिटनमध्ये डॉ. दक्षा एमसन या मनोविकारतज्ज्ञ डॉक्टरचा २००० साली करुण अंत झाला. आजार लपवण्याची सक्ती डॉक्टरांवर कशी लादली जाते याची तिथे चौकशी झाली, आणि त्यानंतर २००८ मध्ये लंडनमध्ये डॉक्टर आणि दंतवैद्य या दोघांसाठी गोपनीय उपचार सेवा सुरू झाली. पुढे ती इंग्लंडभर पोचली. तिचा कणा असा की उपचार घेणाऱ्याचे नाव नियामकाला कळत नाही. अपवाद फक्त रुग्णांच्या सुरक्षिततेला धोका असेल तेव्हाचा.

इथे कोणी म्हणेल, गोपनीयतेच्या आडोशाने अपात्र माणूस काम करत राहिला तर? मुद्दा गंभीर आहे, म्हणून तर तो अपवाद. पण आजची स्थिती तपासून पाहा. आज धोका असलेला माणूसही लपलेलाच आहे, आणि जो वेळीच मदत घेऊन बरा झाला असता तोही लपलेला आहे. गोपनीय वाट उघडली तर दोघांपैकी काही जण तरी कोणाच्या तरी नजरेत येतील. बंद ठेवली तर पहिली खबर तक्रार अर्जातूनच येणार, म्हणजे एखाद्या रुग्णाने किंमत मोजल्यावर. संसदेने २०२३ साली राष्ट्रीय दंत आयोग कायदा संमत केला आणि १९४८च्या जुन्या कायद्याची जागा घेण्याची तरतूद त्यात आहे. राज्य पातळीवरच्या परिषदांची घडी नव्याने बसवण्याच्या या काळात शिस्तभंगाची समिती आणि आरोग्याची व्यवस्था यांच्यामधली भिंत पहिल्यापासून बांधता येईल. जुन्या इमारतीत ती मागाहून घालणे किती कठीण असते, हे प्रशासनात मुरलेल्यांना मी सांगायला नको.

टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक आहे की, असेही सांगितले जाईल. आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलतो, आणि हे पत्र वाचणाऱ्या ज्या कोणाला आज रात्र काढणे अवघड वाटत असेल त्याने उद्याची वाट न पाहता तो फिरवावा. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमही आहे. पण भूमसारख्या वीस हजारांच्या आसपास वस्तीच्या गावात डॉक्टर मानसोपचाराच्या ओपीडीत रांगेला उभा राहिला, तर संध्याकाळपर्यंत ते चौकात पोचते आणि दुसऱ्या दिवशी खुर्ची रिकामी राहण्याची भीती असते. ‘येड्याचा डॉक्टर’ हा शब्द इथे अजून गेलेला नाही. आणि मोडलेल्या फाइलचे ओझे, तक्रारीची नोटीस, अडकलेला हप्ता यांबद्दल बोलायला समोर समुपदेशक असावाच, पण त्याच्या जोडीला तेच काम केलेला दुसरा दंतवैद्यही असावा, दुसऱ्या जिल्ह्यातला, ज्याच्याशी गिऱ्हाइकांची ओढाताण नाही. असे अनुभवी दंतवैद्य निवडून, त्यांना ऐकण्याचे आणि धोक्याची चिन्हे ओळखण्याचे प्रशिक्षण देऊन, प्रत्येकाकडे काही तालुके सोपवता येतील. वर्षातून एकदा त्याने यादीतल्या प्रत्येकाला स्वतःहून फोन करायचा. तक्रारीसाठी नाही, गुणांसाठी नाही. ‘कसं चाललंय?’ एवढ्यासाठी.

मात्र एक दिवसाची कार्यशाळा, मंचावर समई, ताणमुक्तीवर व्याख्यान आणि शेवटी प्रमाणपत्र, इतक्यावर हे थांबू नये. डच संशोधकांनी बर्नआउटचा धोका जास्त असलेल्या दंतवैद्यांसाठी खास कार्यक्रम घेतला होता. लगेचचे निकाल चांगले आले, पण वर्षभराने त्यातला बराचसा फायदा ओसरलेला आढळला. यात नवल नाही. माणूस परतला तो त्याच खुर्चीकडे, त्याच एकटेपणाकडे. म्हणून मला व्याख्यानांपेक्षा रजेची गोष्ट अधिक मोलाची वाटते. एकट्याच्या दवाखान्यात रजा म्हणजे कुलूप, आणि कुलूप म्हणजे बुडालेला हप्ता. त्यामुळे ताप असला तरी, घरात मर्तिक झाले तरी चौथ्या दिवशी खुर्ची सुरू. दुसरीकडे आंतरवासिता संपवून बाहेर पडलेले, कामाच्या शोधातले तरुण दंतवैद्य राज्यात थोडे नाहीत. परिषदेने बदली दंतवैद्यांची विभागवार यादी ठेवली, त्यांच्या मानधनाचा आणि जबाबदारीचा एक सरळ नमुना करार तयार केला, आणि अशा बदली कामाला निरंतर शिक्षणाचे थोडे गुण दिले, तर भूमच्या डॉक्टरला वर्षातून दोनतीनदा दवाखाना बंद न करता आठवडाभर दूर जाता येईल, आणि लातूरच्या किंवा छत्रपती संभाजीनगरच्या महाविद्यालयातून निघालेल्या तरुणाला तालुक्याचा दवाखाना आतून पाहता येईल. पहिल्याने दुसऱ्याला पुढे भागीदार करून घेतले तर उत्तमच. एका गाळ्यात दोन दंतवैद्य, हे बर्नआउटवर मला दिसणारे सगळ्यात साधे औषध आहे.

खर्चाचे म्हणाल, तर नोंदणी आणि नूतनीकरणाचे शुल्क दंतवैद्य भरतातच. त्यातला ठरावीक वाटा या कामासाठी राखून ठेवावा आणि त्याचा हिशेब दरवर्षी जाहीर करावा. सगळ्या राज्यात एकदम करता येत नसेल, तर धाराशिव, बीड आणि लातूर हे तीन जिल्हे घेऊन दोन वर्षे करून पाहावे. प्रश्नावली, फोन करणारे समव्यावसायिक आणि बदली दंतवैद्यांची यादी या तिन्ही गोष्टी एकत्र सुरू कराव्यात, कारण नुसती मोजणी करून सोडून देण्याचा अनुभव मराठवाड्याला पुरेसा आहे. परिषदेच्या पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर हा विषय घेता येईल का, आणि येत नसेल तर कोणत्या नियमामुळे येत नाही, एवढे लेखी कळवावे.

आपला,
भूम येथील एक रुग्ण
ता. भूम, जि. धाराशिव